चार वाजले की डोळे चुरचुरतात : लेन्स वापरणाऱ्या एका बँक अधिकारी बाईंचं प्रकरण

पेशंट ३१ वर्षांच्या. नाशिकरोडला राहणाऱ्या, गंगापूर रोडकडच्या एका बँक शाखेत अधिकारी. जाणं-येणं दुचाकीवर. दोन वर्षांपूर्वी लग्न ठरलं तेव्हा चष्मा बाजूला ठेवून महिन्याच्या सॉफ्ट लेन्स सुरू केल्या. ओळख पटू नये म्हणून इकडचे तिकडचे तपशील बदलले आहेत.

डोळे तपासून चष्मा-लेन्स देणं हे माझं काम. फेब्रुवारीत माझ्याकडे आल्या तेव्हाची तक्रार त्यांच्याच शब्दांत: "सकाळी लेन्स घातलीय हे कळतही नाही. जेवणानंतर जाणवायला लागतं. चार वाजले की डोळे चुरचुरतात, आणि पाचला कधी एकदा काढून टाकते असं होतं." एकदोनदा बँकेच्या बाथरूममध्येच लेन्स काढून टाकल्या होत्या. सहाच्या आसपास नंबर असलेल्या माणसाला चष्म्याशिवाय वीतभर अंतरावरचंही नीट दिसत नाही. म्हणजे उरलेला दिवस त्या स्क्रीनला नाक लावून बसल्या होत्या आणि घरी न्यायला नवऱ्याला बोलावलं होतं. तोवर लेन्सच्या तीन कंपन्या बदलून झाल्या होत्या, मेडिकलमधून दोन प्रकारचे ड्रॉप्स आणून झाले होते. आमच्याकडे येण्याचं कारण वेगळंच होतं. "मॅडम, मला लेन्स सूटच होत नाहीत. सरळ लेसिक करून टाकू का?"

लेसिकचा विचार करण्यात गैर काही नाही. पण त्या शस्त्रक्रियेत कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, बारीक नसा कापल्या जातात आणि पुढचे काही महिने डोळे आणखी कोरडे राहतात. चार वाजता डोळे का चुरचुरतात हे न शोधता लेसिक केलं, तर चष्मा जातो आणि चुरचुर राहते. त्यामुळे लेन्स असो वा लेसिक, आधीची पायरी एकच होती.

पहिल्यांदा धोक्याच्या खुणा विचारल्या. एकच डोळा लाल होतो का, नुसतं टोचणं नाही तर दुखतं का, उजेड सहन होत नाही का, घाण येते का, लेन्स काढून चष्मा लावल्यावरही धूसर दिसतं का? यातलं एक जरी असतं तर पुढची चर्चा थांबवून लगेच आमच्या नेत्रतज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवलं असतं, कारण तिथे जंतुसंसर्गाची शंका घ्यावी लागते आणि तासांचा हिशोब असतो. यांना असं काही नव्हतं. दोन्ही डोळ्यांना सारखा त्रास, दिवस चढेल तसा वाढणारा, लेन्स काढली की अर्ध्या तासात निवणारा. लेन्सच्या त्रासासाठी आठ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. तिचे जास्तीत जास्त गुण ३७, आणि १२ किंवा त्यापुढे गेलं की त्रास दखल घेण्याजोगा मानतात. यांचे गुण आले २१.

डबी आणि हात

लेन्सचा पेशंट येणार असला की मी फोनवरच सांगून ठेवते: डबी, सोल्यूशनची बाटली, लेन्सचं खोकं, असेल तो चष्मा, सगळं घेऊन या. आणि आल्यावर रोज जसं करता तसं इथे माझ्यासमोर करून दाखवा. तोंडी विचारलं तर प्रत्येक जण पुस्तकातलं उत्तर देतो.

त्यांनी बेसिनवर साबणाने हात स्वच्छ धुतले आणि ओढणीला पुसले. मग त्याच बोटांनी लेन्स काढली, चोळली नाही, डबीत ठेवली आणि डबीतल्या कालच्या सोल्यूशनवर थोडं नवं ओतलं. बाटली पाच महिन्यांपूर्वी उघडलेली होती. डबीचा तळ नखाने खरवडला तर बुळबुळीत थर हाताला लागला. डबी नळाच्या पाण्याने धुते, म्हणाल्या.

यातली प्रत्येक गोष्ट मी आठवड्याला बघते, तरीही कारण सांगायला हवं. सोल्यूशनमधलं जंतुनाशक रात्रभरात खर्ची पडतं. वरून थोडं ओतल्याने त्याची ताकद भरून येत नाही. २००५-०६ मध्ये लेन्स वापरणाऱ्यांमध्ये फ्युझेरियम बुरशीच्या संसर्गाची जी साथ अनेक देशांत दिसली, तेव्हा एक सोल्यूशन जगभरातून मागे घ्यावं लागलं होतं, आणि शिळ्यावर ताजं ओतण्याची सवयही त्या वेळी धोक्याच्या यादीत आली. नळाच्या पाण्याची भीती त्याहून मोठी. त्यात अकांथअमिबा नावाचा सूक्ष्मजीव असू शकतो. लेन्सच्या आडोशाने तो कॉर्नियात शिरला तर उपचार महिनोन् महिने चालतात आणि दृष्टी पूर्ण परत येईलच असं नाही. आरओचं पाणी, उकळून गार केलेलं पाणी, बाटलीबंद पाणी, कशानेच लेन्स किंवा डबी धुवायची नाही. डबी उरलेल्या सोल्यूशनने खळखळून धुवायची, स्वच्छ टिशूने पुसायची, झाकणं काढून पालथी ठेवायची आणि तीन महिन्यांच्या आत टाकून द्यायची. बाटलीवर चोळायची गरज नाही असं छापलेलं असलं तरी तळहातावर बोटाने चोळावी.

ओढणीची गंमत वेगळी. लेन्स स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली, पाहिली तर तिच्यावर दोन गुलाबी तंतू अडकलेले होते. त्यांची ओढणी गुलाबी होती. मी त्यांना आयपीसमधून दाखवलं, त्यावर त्या जे हसल्या, त्यानंतर हात कुठे पुसायचे हे पुन्हा सांगावं लागलं नाही.

पापणीच्या कडेला

आता डोळे. फ्लुओरेसिनचा पिवळा रंग घालून अश्रूंचा थर किती वेळ अखंड राहतो ते मोजतात, त्याला आम्ही टीबीयूटी म्हणतो. दहा सेकंदांच्या वर असेल तर निवांत. यांच्या उजव्या डोळ्यात ५ सेकंद, डाव्यात ४. पण डोळ्यात पाणी किती तयार होतं हे पाहणारी कागदी पट्टीची शिर्मर चाचणी नॉर्मल होती, १४ मिलिमीटर. म्हणजे पाणी होतं, टिकत नव्हतं.

टिकत का नव्हतं त्याचं उत्तर पापणीच्या कडेला होतं. तिथे पापणीच्या केसांच्या आतल्या बाजूला मायबोमियन ग्रंथींची बारीक तोंडं ओळीने असतात. त्यांतून तेलाचा पातळ थर अश्रूंवर पसरतो आणि बाष्पीभवन रोखतो. यांच्या खालच्या पापणीवर बोटाने हलका दाब दिला तर निम्म्याअधिक तोंडांतून काही आलंच नाही, आणि बाकीच्यांतून आलं ते थिजलेल्या तुपासारखं घट्ट, पांढुरकं. त्या तोंडांवरच काळे कण बसलेले होते. काजळ. रोज सकाळी पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर, लेन्स घालून झाल्यावर.

आणखी दोन गोष्टी दिसल्या. कॉर्नियाच्या खालच्या एक तृतीयांश भागावर रंगाचे बारीक ठिपके उठले होते. पापणी पूर्ण मिटत नाही तेव्हा नेमकी तीच जागा उघडी राहते. नुसतं बसून गप्पा मारताना माणूस मिनिटाला साधारण पंधराएक वेळा पापणी मिटतो. स्क्रीनवर आकडे तपासताना ते निम्म्यावर येतं आणि बरेचदा पापणी अर्धीच खाली येऊन परत जाते. दुसरं, वरची पापणी उलटून पाहिली तर थोड्या पुटकुळ्या होत्या. लेन्सवरच्या घाणीची अ‍ॅलर्जी असते तशा, पण सौम्य. कॉर्नियाच्या काठावर रक्तवाहिन्यांची वाढ डाव्या डोळ्यात किंचित, नोंद करून ठेवण्याइतकी.

औषधांबद्दल विचारलं तर "काही नाही" म्हणाल्या. मग थोड्या वेळाने स्वतःच आठवून सांगितलं की थंडीपासून शिंकांसाठी रोज रात्री सेटिरिझिन चालू आहे. रोजचं झालं की ते औषध वाटतच नाही. अशा गोळ्यांनी डोळे कोरडे पडू शकतात. गोळी बंद करा असं मी सांगितलं नाही, ते माझं काम नव्हे. ज्यांनी दिली त्यांना लेन्सचं सांगून विचारा, एवढंच म्हटलं. त्यांच्या डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे सुरू करून गोळी गरजेपुरती ठेवली.

नंबरचा घोळ

चष्म्याचा नंबर उजवा उणे ५.७५, डावा उणे ६.२५ आणि १८० अक्षावर उणे ०.७५ चा सिलिंडर, म्हणजे एकाच दिशेत लागणारा जादा नंबर. लेन्स ऑनलाइन मागवताना त्यांनी चष्म्याचेच आकडे टाकले होते आणि सिलिंडर वगळला होता, कारण त्या खोक्यात तो पर्यायच नव्हता.

चष्मा डोळ्यापासून सुमारे १२ मिलिमीटर पुढे असतो, लेन्स डोळ्यावरच. चारपर्यंतच्या नंबरला या अंतराने विशेष फरक पडत नाही, पुढे पडतो. हिशोब केला तर उजव्याला ५.३७ च्या आसपास हवं होतं. ५.२५ आणि ५.५० दोन्हींनी सारखंच वाचता आलं, म्हणून कमीची निवडली. डाव्याला ५.७५ आणि ०.७५ सिलिंडरची टॉरिक लेन्स. म्हणजे दोन वर्षं त्या दोन्ही डोळ्यांना अर्धा नंबर जास्त घालून दिवसभर स्क्रीन बघत होत्या. चष्म्यावरून लेन्सवर आलेल्या मायनस नंबरवाल्याला जवळचं बघताना आधीच थोडा जास्त जोर लावावा लागतो, त्यात ही भर. त्यांच्या "चुरचुरण्या"तला काही भाग हा कोरडेपणा नव्हता, थकवा होता. कंपनी तीनदा बदलून फरक का पडला नाही, तेही इथे कळतं: तिन्ही वेळा नंबर तोच चुकीचा होता.

आधी चष्मा

मी पहिल्यांदा लिहून दिला तो नवा चष्मा. त्यांचा चेहरा पडला.

पण दोन वर्षांत त्यांनी लेन्स रोज १४-१५ तास का घातली, याचं साधं कारण चष्मा होता. घरातला चष्मा लग्नाआधीचा, जुन्या नंबरचा, काचांवर चरे, आणि मोठ्या फ्रेममुळे कडेला भिंगं जाड. तो लावून कोणासमोर जायला नको वाटायचं. मग सकाळी उठल्याबरोबर लेन्स, लेन्स घालूनच डबे आणि फोडण्या, आणि रात्री झोपायच्या आधी काढणं. लेन्स आरामात वापरणाऱ्या बहुतेक लोकांकडे मला एक गोष्ट हमखास दिसते, ती म्हणजे आवडीने लावता येईल असा, बरोबर नंबरचा चष्मा. ज्याच्याकडे तो नाही, त्याला डोळे लाल झाले तरी लेन्स काढता येत नाही. लहान फ्रेम, १.६७ इंडेक्सच्या पातळ काचा, त्यावर अँटिरिफ्लेक्शन. खर्च झाला, पण लेन्सच्या चौथ्या कंपनीपेक्षा सार्थकी लागला.

दोन आठवडे लेन्स पूर्ण बंद. रोज दहा मिनिटं मिटलेल्या पापण्यांवर कोमट शेक, मग पापणीवरून केसांच्या दिशेने हलका मसाज, आणि कडा पुसणं. शेकाची अडचण अशी की ओला रुमाल मिनिटभरात गार होतो आणि थिजलेलं तसंच राहतं. दोन रुमाल आळीपाळीने घ्या, किंवा शेकासाठी मिळणारी डोळ्यांची पट्टी वापरा. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ड्रॉप्स दिवसातून चार वेळा. मेडिकलमधून आणलेल्या दोन बाटल्यांपैकी एक लाली घालवणारी होती, ती बंद केली. तशा थेंबांनी रक्तवाहिन्या आकसतात, डोळा पांढरा दिसतो आणि मूळ दुखणं झाकलं जातं. दुसरीत बेंझाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह होतं, जे सॉफ्ट लेन्समध्ये मुरतं आणि डोळ्याला दिवसभर लागत राहतं. नशिबाने दोन्हींत स्टेरॉइड नव्हतं. मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने स्टेरॉइडचे थेंब घालणारे लोक आजही भेटतात.

काजळ पूर्ण सोडा म्हटलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं, हे मला दिसत होतं. म्हणून तडजोड केली: काजळ पापणीच्या केसांच्या बाहेरच्या बाजूने लावायचं, आतल्या कडेवर नाही. आधी लेन्स घालायची, मग मेकअप. रात्री आधी लेन्स काढायची, मग मेकअप पुसायचा.

पुन्हा लेन्स

दोन आठवड्यांनी टीबीयूटी दोन्ही डोळ्यांत ७ सेकंदांवर आला, ठिपके जवळपास गेले. तेव्हा लेन्सची निवड केली. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की डोळे कोरडे असतील तर जास्त पाण्याची लेन्स घ्यावी. ऐकायला पटतं, पण नेहमी खरं ठरत नाही. जुन्या पद्धतीच्या हायड्रोजेल लेन्समध्ये ऑक्सिजन पाण्यातूनच जातो. १९६१ साली चेक रसायनतज्ज्ञ ओटो विश्टरले यांनी घरी, मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळण्यातून यंत्र जुळवून ज्या मऊ लेन्स ओतल्या, त्या याच जातीच्या. जास्त पाणी म्हणजे जास्त ऑक्सिजन हे त्यांच्याबाबत बरोबर आहे, पण एसीत बसलं की असली लेन्स सुकते आणि मग डोळ्यातलंच पाणी ओढते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलेल्या सिलिकॉन हायड्रोजेलमध्ये ऑक्सिजन सिलिकॉनमधून जातो, त्यामुळे पाण्यावर तितकं अवलंबून राहावं लागत नाही. पापणीच्या पुटकुळ्या, सोल्यूशनचा इतिहास आणि डबीचा तळ, सगळं बघून रोज टाकायच्या सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स सुचवल्या. डाव्या डोळ्याला टॉरिक. ट्रायल लेन्स डोळ्यावर फिरते का हे दाखवणारी खूण सहाच्या काट्यापासून पाच अंशांच्या आत बसत होती, पापणी मिटल्यावर लगेच जागेवर येत होती.

रोजच्या लेन्स महाग, त्यात टॉरिक आणखी महाग. हिशोब त्यांनीच मांडला, बँकेतल्या माणसाकडून ते अपेक्षितच. रविवार, दुसरा आणि चौथा शनिवार, आठवड्यात एखादा दिवस चष्मा. महिन्याला तीस जोड्या नकोत, एकोणीस-वीस पुरतात. घालायची वेळ निघण्याच्या आधी, स्वयंपाक आवरल्यावर. काढायची घरी पोचून हात धुतल्याबरोबर. म्हणजे १४ तासांचे दहा झाले.

बँकेत दोन बदल केले. डोक्यावरच्या एसीची पाती शिपाईदादांना सांगून वळवून घेतली. मॉनिटर फायलींच्या गठ्ठ्यावर ठेवलेला होता, तो खाली उतरवला. नजर खाली असली की डोळा कमी उघडा राहतो आणि कमी सुकतो. नोटा हाताळलेल्या आणि सॅनिटायझर लावलेल्या बोटांनी डोळा चोळायचा नाही, हे त्यांना सगळ्यात अवघड गेलं. गाडीवर हेल्मेटची काच खाली.

मधेच रंगपंचमी आली. त्यांचं माहेर जुन्या नाशकातलं, आणि तिथल्या पेशवेकालीन रहाडींत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदांत, उडी मारल्याशिवाय सण होत नाही. लेन्स घालून तर अजिबात नाही, हे मी जरा जोर देऊनच सांगितलं: शेकडो लोक उतरलेलं रंगाचं पाणी, आणि लेन्स त्याला डोळ्यावर धरून ठेवणार. पोहण्याच्या तलावालाही हाच नियम. "मग दिसणार कसं?" नवऱ्याचा हात धरा, म्हटलं.

जूनमधली मोजदाद

एप्रिलमध्ये प्रश्नावलीचे गुण ११ झाले होते. जूनमध्ये आल्या तेव्हा पुन्हा १५. टीबीयूटी ८ सेकंद, ग्रंथींतून तेल बऱ्यापैकी पातळ, नंबर बरोबर, तरी त्रास वाढलेला. कारण तपासणीत नव्हतं, खोक्यात होतं. तीन महिन्यांच्या हिशोबाने तीसचं दुसरं खोकं संपत यायला हवं होतं, आणि त्यांनी ते नुकतंच उघडलं होतं. विचारल्यावर म्हणाल्या, "एकच दिवस वापरलेली असते हो. टाकवत नाही." लेन्स रात्री जुन्या डबीत ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा घालत होत्या.

मला ते समजतं. आपल्याकडे प्लास्टिकचा डबासुद्धा कोणी टाकत नाही. पण रोजची लेन्स पातळ असते, साफ करून पुन्हा वापरण्यासाठी बनवलेली नसते, आणि तिची सगळी किंमत दुसऱ्या दिवशी नवी घालण्यातच आहे. ती परत वापरायची असेल तर सरळ महिन्याची लेन्स आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं सोल्यूशन घ्या, हा पर्याय मी मोकळेपणाने ठेवला. त्यात प्रिझर्व्हेटिव्ह नसतं आणि सफाई उत्तम होते. मात्र ते त्याच्या खास डबीत ठरलेले तास, बहुधा सहा, ठेवावंच लागतं. निष्प्रभ होण्याआधी डोळ्यात गेलं तर भयंकर जळजळ होते. घरात चष्म्याशिवाय चाचपडत चुकीची बाटली उचलणाऱ्या माणसाला ते देताना मी दोनदा विचार करते. त्यांनी रोजच्याच ठेवल्या, दिवस आणखी कमी केले. आता मंगळवार ते शुक्रवार लेन्स, बाकी चष्मा. जुनी डबी माझ्याकडेच कचऱ्यात टाकून गेल्या.

ऑगस्टमध्ये गुण ९ होते. संध्याकाळी सहापर्यंत लेन्स जाणवत नाही. तिमाही क्लोजिंगला उशीर होतो तेव्हा अजून जाणवते, म्हणून पर्समध्ये चष्मा आणि एकदा वापरून टाकायचे थेंब असतात. डाव्या डोळ्याच्या काठावरच्या रक्तवाहिन्या पूर्वीइतक्याच आहेत, वाढलेल्या नाहीत. शेक आठवड्यातून तीन-चारदा होतो, रोज होत नाही, तेवढ्यावर भागतंय.

लेसिकचा विषय त्यांनी सोडलेला नाही, मीही सोडायला सांगितलं नाही. पुढची भेट मुद्दाम जानेवारीत ठेवली आहे. नाशिकच्या थंडीत, कोरड्या वाऱ्यात, शिंकांच्या दिवसांत टीबीयूटी किती राहतो ते बघायचं. तो सात-आठच्या खाली गेला नाही, तर लेन्स दोन आठवडे बंद ठेवून कॉर्नियाची जाडी आणि टोपोग्राफी, म्हणजे तिच्या वक्रतेचा नकाशा, करून घ्यायची, आणि मग डॉक्टरांशी बोलायचं.